कृष्णाकाठचे लोखंड

पावसाळा सरला की सांगलीजवळच्या माधवनगरच्या आसपासच्या गॅरेजांत एक ठरावीक काम वाढते. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला असतो. पायाखालची चटई उचलली की पत्रा अंगठ्याच्या दाबाने कुरकुरतो. मागच्या मडगार्डच्या आतून वाळलेला चिखल काढायला जावे, तर चिखलाबरोबर पत्र्याच्या खपल्याही हातात येतात. डेंटर तार ब्रश मारतो, ग्राइंडर फिरवतो, फडक्याने पुसून घेतो आणि मग ब्रशने एक पांढरट पातळ द्रव चढवतो. काही मिनिटांत तांबूस गंज जांभळट होतो आणि पुढे काळा पडतो. गॅरेजमध्ये या बाटलीला सरळ ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणतात. गंजाचे रूपांतर करून त्याला जागेवर बसवणारे हे औषध गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतल्या रंगाच्या दुकानांपर्यंत पोचले आहे.

बाटली नवी आहे, तिच्यातली विद्या जुनी आहे. गंजाला काळे करणारी द्रव्ये आणि लोखंडाला वर्षाकाठी एकदा तपासण्याची शिस्त या दोन्ही गोष्टी सातारा-सांगलीच्या मुलखात मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. द्रव्ये परत आली, शिस्त आली नाही. वाहनाचे वय फक्त नोंदणीच्या तारखेवरून मोजणारे सरकारी धोरण आणि गंजावर लांबी भरून रंग मारणारा बाजार या दोघांच्या कात्रीत ती सापडली आहे. ती परत कशी आणायची, हा आजचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आधी गंजाचा स्वभाव पाहू. लोखंड खाणीतून निघते तेच मुळी प्राणवायूशी जोडलेल्या रूपात. भट्टीत प्रचंड उष्णता ओतून आपण ती जोडणी तोडतो. पाणी आणि हवा मिळताच लोखंड पुन्हा मूळ रूपाकडे निघते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की हा वेग झपाट्याने वाढतो, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा गंज धातूला चिकटून राहतो आणि आतल्या थराला थोडेफार राखतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, फुगतो, भेगाळतो आणि आत ओल धरून ठेवतो. म्हणून रंगावर दिसणारा हरभऱ्याएवढा फुगवटा हा गंजाचा शेवटचा टप्पा असतो. पत्र्याच्या उलट्या बाजूला तो कित्येक महिने आधी सुरू झालेला असतो.

मग दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर कसा टिकला? सात मीटरपेक्षा उंच, सहा टनांहून जड असा हा स्तंभ गुप्तकाळातल्या लोहारांनी लोखंडाचे गोळे ठोकून ठोकून जोडून घडवला. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त आहे. भिजण्या-वाळण्याच्या असंख्य फेऱ्यांत या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर लोह आणि फॉस्फेट यांचा एक पातळ, घट्ट थर तयार झाला, आणि त्याने पुढचा गंज रोखला. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहेच. आज बाटलीतल्या रस्ट कन्व्हर्टरमध्ये जे फॉस्फरिक ॲसिड असते ते याच जातीचा थर घाईने तयार करण्याचा प्रयत्न करते. शतकांचे काम काही तासांत करायचे म्हटल्यावर थराची प्रतही त्या मानानेच येणार, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

कन्व्हर्टरमधले दुसरे द्रव्य टॅनिक ॲसिड, आणि इथे आपण थेट सह्याद्रीत येतो. हिरडा हे टॅनिनने भरलेले फळ आहे. महाबळेश्वरच्या डोंगरांत त्याची झाडे आहेत. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागांतील महादेव कोळी कुटुंबांची वर्षाची मोठी कमाई बाळहिरडा गोळा करण्यातून होते. कोल्हापुरी चपलेचे कातडे पिढ्यानपिढ्या बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावले गेले. कातडे टिकवणारे टॅनिन लोखंडाशी भिडले की निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते. हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते ती याच क्रियेने. रंगारी तर याच्याही पुढे गेले होते. गुळाच्या पाण्यात गंजके लोखंड आठवडेच्या आठवडे कुजवत ठेवायचे, ते पाणी गाळायचे आणि हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर त्याने छापायचे, म्हणजे पक्का काळा उठतो. आंध्रातील कलमकारीची आणि कच्छच्या अजरखची काळी रेघ अशीच उमटते. गूळ कोल्हापूरचा, हिरडा सह्याद्रीचा, गंज कुठल्याही लोहाराच्या उकिरड्यावरचा! गंजावर काळा थर चढवण्याचे रसायन या मुलखाच्या हाताला इतके जवळ होते. कॅनडाच्या संग्रहालय-संवर्धन संस्थेने उत्खननातील आणि जुन्या लोखंडी वस्तूंसाठी टॅनिक ॲसिडचे सौम्य द्रावण ब्रशने घासून लावण्याची पद्धत लिहून ठेवली आहे, तीही याच रसायनावर उभी आहे.

तिसरे जुने द्रव्य शेंदूर. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी शिराळा आणि बहे ही स्थाने सांगली जिल्ह्यातली. मारुतीच्या मूर्तीवर तेलात कालवलेल्या शेंदराची पुटे वर्षानुवर्षे चढत जातात आणि मूळ दगडाला पाणी, ऊन लागत नाही. हाच शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल ऑक्साईड, उकळलेल्या जवसाच्या तेलात घोटून एकोणिसाव्या शतकापासून जगभरच्या पुलांना, जहाजांना आणि इंजिनांना अस्तर म्हणून लावला गेला. तेल आणि शिसे मिळून साबणासारखी संयुगे बनतात आणि ती लोखंडाच्या पृष्ठभागावर गंज रोखून धरतात. लोखंडावरचा इतका भरवशाचा प्राथमिक थर दुसरा मिळाला नव्हता. पण शिसे विषारी आहे, मुलांच्या मेंदूला तर फारच. भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी लागू झाले. आज फॅब्रिकेशनच्या दुकानात दिसतो तो लाल-तपकिरी ‘रेड ऑक्साईड’ म्हणजे शेंदूर नव्हे. तो लोहाच्याच ऑक्साईडचा रंग आहे, स्वस्त आहे, आणि शेंदराइतके संरक्षण देत नाही. जुन्या जीपचा किंवा फियाटचा मूळ रंग घासताना मात्र धूळ नाकात जाऊ देऊ नये. त्या काळच्या अस्तरात शिसे असू शकते, म्हणून पाणी लावून घासावे आणि तोंडावर चांगला मास्क हवाच.

या सगळ्यापेक्षा मोलाचे होते ते वेळापत्रक. नवरात्राच्या नवव्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली शस्त्रे बाहेर निघत. पावसाळाभर म्यानात, अडगळीत पडलेल्या तलवारी, भाले, दांडपट्टे घासून पुसून तेल लावून मांडले जात. दुसऱ्या दिवशी दसरा, सीमोल्लंघन, आणि मोहिमांचा हंगाम सुरू. चार महिन्यांच्या दमट हवेनंतर लगेच प्रत्येक पाते उजेडात धरून पाहण्याची ही व्यवस्था होती. धर्माने तिला सुटीचा दिवस दिला, म्हणून ती शतके टिकली. आजही त्या दिवशी कारखान्यांत यंत्रांची पूजा होते आणि मोटारींना झेंडूचे हार पडतात. कोल्हापुरात दसऱ्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक तिच्याकडे थांबून पाहतात. जुनी मोटार इतकी वर्षे चालत्या स्थितीत राहते ती दर वर्षी कुणीतरी तिच्या खाली शिरून पाहिले म्हणूनच. आपल्या घरच्या गाडीला मात्र आपण त्या दिवशी वरून पाणी मारतो, हार घालतो आणि खाली वाकून पाहायचे राहून जाते.

कारखान्यांचे युग आपल्या भागात लवकर आले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. माधवनगर ज्या रेल्वेमार्गावर आहे त्याच मार्गावर पुढे आजचे किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढे त्याच नांगराने कृष्णाखोऱ्यातली काळी जमीन खोलवर उलटवली. साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांचा कारखाना नांगर आणि मग ऑइल इंजिने काढू लागला. शेतकऱ्याच्या दारात पहिल्यांदाच लाकडापेक्षा लोखंड जास्त झाले. बैलगाडीला लोहाराने बसवलेली धाव तेल-मातीत घासून आपोआप चकचकीत राहायची. नांगर, पंप आणि मोट काढून बसवलेले इंजिन यांना मात्र रंग लागत होता, आणि रंग कारखान्यातून येत होता. लोखंड राखण्याची जबाबदारी लोहाराकडून आणि घरधन्याकडून हळूहळू रंगाच्या डब्याकडे सरकली ती इथून.

त्याच सुमारास इंग्लंडात थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये लोखंड फॉस्फरिक ॲसिडच्या गरम द्रावणात बुडवून त्यावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत पार्कर रस्ट-प्रूफ कंपनीने १९१५ पासून तीच विद्या वाढवली आणि डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांनी ती उचलली. नव्या मोटारीचा पत्रा आजही आधी फॉस्फेटच्या हौदात जातो, मग विजेच्या दाबाने चढवल्या जाणाऱ्या अस्तराच्या हौदात. या पद्धतीमुळे पत्र्याच्या घडीच्या आतपर्यंत अस्तर पोचते. ब्रशने किंवा पिस्तुलाने ते कधीच पोचत नाही. गॅरेजमधल्या डेंटरला हे हौद उपलब्ध नाहीत, आणि त्याच्या कामाची सगळी अडचण इथेच आहे.

भारतात तयार झालेल्या जुन्या मोटारींपैकी दोन जाती आपल्या मुलखात खूप दिसल्या, आणि गंजाने दोघींशी वेगवेगळे वैर केले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले, ही एकसंध पत्र्याच्या सांगाड्याची गाडी. तिला वेगळी चॅसी नाही. दाराखालची पोकळ पट्टी, फरशीचा पत्रा आणि मागच्या पाट्यांच्या जागा हेच तिचे हाडमांस. तिथे गंज लागला की गाडी आतून मोडते, वरून कितीही चकचकीत असो. जीप आणि तिच्या घराण्यातल्या गाड्यांना खाली जाड चॅसी असते. वरचा पत्रा सडला तर तो कापून दुसरा बसवता येतो, आणि गाडी चालत राहते. सांगली, तासगाव, विटा, कराड रस्त्यांवर वर्षानुवर्षे वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, करणाऱ्या जीपा आणि ट्रॅक्स अशाच जगल्या. एका गाडीचे तीन-तीन वेळा पत्रे बदलले जात. तरीही जीपची चॅसी अमर नाही. ती दोन खोबणी जोडून केलेली पोकळ पेटी असते. आत चिखल साचला की बाहेरून जाड दिसणारे लोखंड आतून पातळ होत जाते, आणि ते हातोडीच्या आवाजावरून ओळखावे लागते. चांगल्या लोखंडाचा ठोका खणखणतो, सडलेल्याचा बसका येतो.

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही वालचंदांचेच नाव आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजातून कित्येक पिढ्यांचे अभियंते बाहेर पडले. त्यांच्याच परिसरातल्या गाड्या इतक्या लवकर का सडतात, हा प्रश्न पुस्तकी नाही. इथले पाणी, इथली माती आणि इथली शेती यांचा मिळून एक वेगळाच मारा लोखंडावर होतो.

उसाच्या शेतीत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअप खतांची पोती वाहतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. पोत्यातून सांडलेले चार दाणे ट्रॉलीच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याबरोबर विरघळतात आणि तिथला पत्रा समुद्रकाठच्या पत्र्यासारखा खाल्ला जातो. वाळवा, पलूस, मिरज भागांत अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. त्या वाटांवरचा चिखल चाकाबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतो तो क्षार घेऊनच. कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या गाडीच्या फळ्यांमधून रस ठिबकतो, तो आंबतो, आम्ल होतो. आणि माधवनगरहून तासगावच्या रस्त्याला लागले की द्राक्षबागा सुरू होतात. तिथे बोर्डो मिश्रणाची फवारणी चालते. मोरचूद आणि चुना नीट जुळला की नाही हे पाहण्यासाठी बागाईतदार लोखंडी विळा मिश्रणात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर बसला तर मोकळे तांबे उरले आहे, अजून चुना हवा. त्या विळ्यावर जे घडते तेच फवारणीच्या ब्लोअरच्या लोखंडी सांगाड्यावर आणि तो ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हळूहळू घडते. तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड विरघळून जाते. ही कसोटी ज्याने रोज हाताने केली आहे त्याला गंजाचे शास्त्र समजावून सांगायची गरज नाही. फवारणीनंतर ट्रॅक्टरही धुवायचा, एवढेच त्याला आठवण करून द्यायचे.

शिवाय पूर आहेत. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहरात हजारो गाड्या दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिने उघडली, ऑइल बदलले, वायरिंग वाळवले, सीटा उन्हात टाकल्या. चॅसीच्या पोटात आणि दाराच्या पोकळीत बसलेला बारीक गाळ मात्र बहुतेक गाड्यांत तसाच राहिला. गाळ ओल धरतो आणि आतून काम करीत राहतो. दोन पावसाळ्यांनी त्याचा परिणाम बाहेर दिसतो, तोवर अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या असतात, खालून ताज्या काळ्या रंगाचा हात मारून.

आता कामाची पद्धत. इथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बाटलीवरच्या चार ओळींवर विसंबून बरेच लोक फसतात. रस्ट कन्व्हर्टर गंजावर काम करतो, स्वच्छ चकचकीत लोखंडावर नाही. आणि तो पृष्ठभागाला घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच काम करतो. खपल्या, फुगवटे, पत्र्याचे पापुद्रे तार ब्रशने, पट्टीने, ग्राइंडरने आधी निघालेच पाहिजेत. जिथे पेचकस आरपार जातो तिथे कन्व्हर्टर लावणे म्हणजे फसवणूक आहे. तो पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. ग्रीस आणि तेल थिनरने पुसले नाही तर द्रव गंजापर्यंत पोचतच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्षार. गंजाच्या तळाशी क्लोराइड दडलेले असते, आणि टॅनिन किंवा फॉस्फेट त्याला निष्प्रभ करत नाही. वर काळा थर छान बसतो आणि खाली गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून खतवाहू किंवा पुरात भिजलेल्या गाडीला आधी गोड्या पाण्याने तीन-चार वेळा दाबाने धुवावे, कॉम्प्रेसरच्या हवेने सांधे वाळवावेत, आणि मगच ब्रश उचलावा.

द्रव कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नये, तो मुरायच्या आत वाळतो. दोन पातळ हात द्यावेत, एक जाड हात नको. डब्यावर सांगितलेला वेळ, बहुधा एक दिवस, थांबावे. काळा झालेला थर हा अंतिम रंग नाही. तो पाणी शोषतो, आणि वर प्रायमर व रंग चढला नाही तर पहिल्या पावसात हरतो. फॉस्फरिक ॲसिडवाल्या द्रवाचे उरलेले आम्ल नीट धुतले-पुसले नाही तर वरचा एपॉक्सी प्रायमर कच्चा राहतो. जस्त भरलेल्या प्रायमरला तर उघडे, स्वच्छ पोलादच हवे, कारण जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते आणि त्यासाठी दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो. कन्व्हर्टरच्या थरावर तो मारणे व्यर्थ. शेवटी पत्र्याचे सांधे सीलरने बंद करावेत, पोकळ्यांत लांब नळीने मेण किंवा तेलकट लेप फवारावा. आणि दाराच्या तळाची पाणी वाहून जायची छिद्रे? ती रंगाने किंवा लांबीने बुजली असतील तर सुईने मोकळी करावीत. त्या चार छिद्रांवर गाडीचे निम्मे आयुष्य अवलंबून असते.

सुटे भाग असतील तर आणखी मार्ग आहेत. जुन्या गाड्यांचे शौकीन जगभर एक पद्धत वापरतात, ती आपल्या साखरपट्ट्याला शोभणारी आहे. उसाची मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा मिश्रणात गंजलेला भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा. मळीतली द्रव्ये गंजाला पकडून सोडवतात आणि चांगल्या पोलादाला फारसा हात लावत नाहीत. ॲल्युमिनियमला आणि जस्ताला मात्र ती खातात, तेव्हा कार्ब्युरेटर त्यात टाकू नये. बिडाचे भागही आठवड्याला काढून पाहावेत. राज्यात मळी उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली असल्याने ती सहज मिळत नाही, पण गुऱ्हाळाची काकवी थोड्या कामाला चालून जाते. दुसरा मार्ग विजेचा. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भाग ऋण टोकाला आणि भंगाराचा साधा लोखंडी तुकडा धन टोकाला जोडून बॅटरी चार्जर लावला की गंज सुटतो. धन टोकाला स्टेनलेस वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हे काम उघड्या हवेतच करावे, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

ज्याच्याविरुद्ध स्पष्ट बोलायला हवे ते संडास साफ करायचे ॲसिड. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज दोन मिनिटांत फस्त करते म्हणून लोकप्रिय आहे. पण ते मागे क्लोराइड ठेवून जाते, आणि धुतलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पुन्हा पिवळा पडतो. गाडीच्या पाट्यांना, कडक बोल्टांना आणि स्टिअरिंगच्या भागांना तर कुठलेच तीव्र आम्ल लावू नये. आम्लातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. असा बोल्ट एके दिवशी भार पडताच काचेसारखा तुटतो.

इतकी काळजी, इतके दिवस, इतकी मजुरी घालून जुनी गाडी राखायची तर धोरणाने तिच्याकडे कसे पाहावे? २०२१ मध्ये केंद्राने वाहन भंगार धोरण आणले. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. धोरणाच्याच वर्षी, २०२१ मध्ये, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. म्हणजे पन्नाशी गाठलेली गाडी वारसा ठरते आणि पंधरा ते पन्नास या मधल्या वयातली गाडी संशयित. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. तिच्या पत्र्याची अवस्था कुणी तपासल्याने ती गेली नाही. धुरासाठी वयोमर्यादेचे समर्थन करता येईल, आणि जुनी इंजिने हवा बिघडवतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अपघातात माणसाला वाचवणारा पत्रा आणि चॅसी यांचे वय तारखेने ठरत नाही. बारा वर्षांची पूरग्रस्त, लांबी भरलेली पिकअप चाळीस वर्षांच्या नीट राखलेल्या जीपपेक्षा धोकादायक असू शकते, आणि कागदावर ती पिकअप निर्दोष दिसते.

ब्रिटनमध्ये १९६० पासून गाड्यांची जी वार्षिक तपासणी होते तिच्यात गंजाला स्वतंत्र स्थान आहे. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या आधाराच्या जागा ठरवून दिल्या आहेत, आणि त्यांच्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल तर गाडी नापास होते. तपासनीस बोटांनी दाबतो, ठराविक हत्याराने टोचतो, ठोकून आवाज ऐकतो. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या त्या देशाला हे शहाणपण महागात पडून आले. तिथे लॅन्सिया कंपनीला १९८० च्या सुमारास सडलेल्या बीटा मोटारी मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या होत्या. आपल्याकडे व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या तपासणीत ब्रेक आणि दिव्यांइतकाच वेळ खालच्या पत्र्याला मिळाला, टोचून पाहण्याच्या जागा लिखित ठरल्या आणि ताज्या काळ्या रंगाखाली पाहायची परवानगी तपासनीसाला मिळाली, तर बाजारातली रंगसफेदी आपोआप थांबेल. गंज बरा केल्याची पावती, आधीची आणि नंतरची छायाचित्रे गाडीच्या नोंदीला जोडली गेली तर राखणाऱ्या मालकाला मोलही मिळेल.

गंजाची किंमत सगळ्या जगाची आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जगाचे गंजापायी होणारे वार्षिक नुकसान सुमारे अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के धरले. आज ठाऊक असलेले उपाय नीट वापरले तर त्यातले १५ ते ३५ टक्के वाचू शकतात, असेही त्यात म्हटले होते. गाडी भंगारात घालून नवी घेणे म्हणजे नवे पोलाद ओतणे, आणि पोलादाच्या भट्टीचा धूर कुठल्याच फिटनेस प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो.

माधवनगर, कुपवाड, मिरज, सांगली या चौकोनात हे काम उभे करायला लागणारे सगळे आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचे आणि मुलाम्याचे काम जाणणारे लोक आहेत. आयटीआयमध्ये गाडीचा पत्रा दुरुस्त करण्याचा आणि रंगवण्याचा अभ्यासक्रम आहे. त्यात गंजाची ओळख, क्षार धुणे, कन्व्हर्टरची मर्यादा आणि पोकळ्यांत मेण भरणे यांना स्वतंत्र तास मिळावेत, आणि गॅरेजांत वर्षानुवर्षे हात काळे केलेल्या डेंटरांना त्या तासांना शिकवायला बोलवावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी खतवाहू ट्रॉलीच्या आणि फवारणीच्या ब्लोअरच्या पत्र्यांवर वेगवेगळे लेप चढवून दोन पावसाळे मोजमाप घ्यावे. कारखान्याच्या खोलीतल्या खारट फवाऱ्याच्या चाचणीपेक्षा आपल्या रस्त्यावरच्या पोटॅशची चाचणी आपल्याला जास्त सांगेल.

आणि पुराची तयारी आधीच हवी. पाणी पुन्हा येणार हे कृष्णाकाठी कुणाला सांगावे लागत नाही. वाहनांचे पंचनामे होतात तेव्हाच गाड्यांचे पोट धुण्याची सोय उभी राहावी. गोड्या पाण्याचा टँकर, दाबाचा पंप, चॅसीच्या भोकांतून आत जाणारी लांब नळी आणि कॉम्प्रेसर एवढेच सामान त्याला लागते. गाळ ओला आहे तोवर, पहिल्या आठ दिवसांत, तो निघाला तर निघतो. नंतर तो पत्र्याला सिमेंटसारखा धरतो. गॅरेजचालकांच्या संघटनांनी आणि महापालिकेने ही जागा, हे सामान आणि ही माणसे मे महिन्यातच ठरवून ठेवावीत, आणि खंडेनवमीला त्याच गाड्या पुन्हा रॅम्पवर घेऊन पेचकसाने एक-एक सांधा टोचून पाहावा.